पैसे वर्षाचे, तर अटीही वर्षाच्या: महाराष्ट्रातील खासदारांना खुले पत्र

सन्माननीय खासदारहो,



१७ जून २०२५ पासून भारतात ॲमेझॉन प्राइम व्हिडिओवर चित्रपट आणि मालिका पाहताना मध्येच जाहिराती दिसू लागल्या. त्या नको असतील तर वर्षाला ६९९ किंवा महिन्याला १२९ रुपये वेगळे भरावे लागतील, असे कंपनीने महिनाभर आधी कळवले होते. वर्षाची १,४९९ रुपयांची वर्गणी ज्यांनी त्याआधीच भरली होती, त्यांतल्या बहुतेकांचे वर्ष तेव्हा संपलेले नव्हते. त्यांनी पैसे भरले तेव्हा चित्रपट आणि मालिका जाहिरातींविना पाहायला मिळत होत्या. उरलेल्या महिन्यांत तेच हवे असेल, तर आता आणखी पैसे मोजायचे होते. यात लपवाछपवी काही नव्हती. सेवेत आणि अटींत केव्हाही बदल करता येईल, असे कलम अशा बहुतेक सर्व कंपन्यांच्या करारांत असते आणि ‘सहमत’वर बोट टेकवून आपण सगळ्यांनी ते मान्य केलेले असते. या पत्राचा विषय तेच कलम आहे. करारातल्या एका बाजूने दुसरीला न विचारता करार बदलायचा, आणि तो हक्क तिला त्याच कराराने दिला असे म्हणायचे, हे आपल्या कायद्यात बसते का? माझे म्हणणे असे की ते बसत नाही. मात्र ग्राहक संरक्षण कायद्याने ते स्पष्ट शब्दांत सांगितलेले नाही, आणि ही उणीव संसदच भरून काढू शकते. म्हणून हे पत्र कंपन्यांना न लिहिता आपल्याला लिहीत आहे.

आपला करार कायदा १८७२चा आहे. दोन्ही पक्षांनी एकच गोष्ट एकाच अर्थाने मान्य केली तर ती संमती, असे त्याचे १३वे कलम सांगते. केलेला करार बदलायचा, रद्द करायचा किंवा त्याजागी नवा आणायचा तर दोन्ही पक्षांचे एकमत हवे, हे ६२व्या कलमात आहे. सिटीबँक विरुद्ध स्टँडर्ड चार्टर्ड बँक या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच २००३ साली पुन्हा बजावले. त्याहून बोलका निवाडा मे २०१९चा आहे. सांगयाँग इंजिनिअरिंग ही कोरियन कंपनी मध्य प्रदेशात राष्ट्रीय महामार्गाचे काम करत होती. भाववाढीची भरपाई कशी मोजायची याचे सूत्र राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने एका परिपत्रकाने बदलले आणि ते कंपनीला लागू केले. लवादाच्या बहुमताने ते परिपत्रक ग्राह्य धरले. सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. राजी नसलेल्या पक्षावर कराराचा एकतर्फी बदल कधीही लादता येत नाही आणि तसे करणे हा न्यायाच्या मूलभूत तत्त्वाचाच भंग आहे, असे न्यायालयाचे म्हणणे होते. लवादाच्या निवाड्यांत न्यायालये सहसा हात घालत नाहीत. तरीही या एका कारणासाठी न्यायालयाने हस्तक्षेप केला, यावरून त्या तत्त्वाचे वजन लक्षात यावे. कोट्यवधींचे कंत्राट असलेल्या, वकिलांची फौज बाळगणाऱ्या कंपनीला सरकारी संस्थेपासून हे संरक्षण मिळते. साताऱ्यात किंवा परभणीत बसून दीड हजार रुपये भरणाऱ्या माणसाला ते का मिळू नये?

कंपन्यांच्या बाजूने यावर एक कायदेशीर उत्तर आहे आणि ते गंभीरपणे घ्यायला हवे. त्याच करार कायद्याचे ८वे कलम म्हणते की संमती तोंडी किंवा लेखी द्यावी लागतेच असे नाही, वागण्यातूनही ती व्यक्त होते. आम्ही बदलाची सूचना दिली, ग्राहकाने त्यानंतरही सेवा वापरली, म्हणजे त्याने बदल स्वीकारला, असा त्यांचा युक्तिवाद असतो. ‘वापर चालू ठेवल्यास आपली संमती गृहीत धरली जाईल’ हे वाक्य प्रत्येक सूचनेच्या तळाशी असते ते याच आधारावर. महिन्या-महिन्याचे पैसे भरणाऱ्या ग्राहकाबाबत या म्हणण्यात तथ्य आहे, हे मी मान्य करेन. नवे दर, नव्या अटी त्याला नीट कळवल्या, त्याचा महिना संपला आणि त्याने स्वतःहून पुढच्या महिन्याचे पैसे भरले, तर तो नवा करार झाला. त्यात अन्याय नाही. (पैसे आपोआप कापले जाण्याची सोय त्याने कधीकाळी करून ठेवली असेल, तर मात्र ‘स्वतःहून’ म्हणता येणार नाही.) परंतु ज्याने पूर्ण वर्षाचे पैसे आधीच मोजले आहेत, तो सहाव्या महिन्यात सेवा वापरतो तेव्हा कोणता नवा प्रस्ताव स्वीकारत असतो? तो जुन्या कराराने मिळालेला, पैसे देऊन विकत घेतलेला हक्क बजावत असतो. त्या वापरातून नव्या अटींना होकार काढायचा, तर त्याने नकार द्यायचा कसा? आपणच पैसे भरलेली सेवा वापरणे सोडून देऊन? नकाराचा मार्ग स्वतःचे नुकसान करून घेण्याखेरीज दुसरा नसेल, तिथे गप्प राहण्याला संमती म्हणता येत नाही. माझ्या मते सगळ्या वादाची मेख इथे आहे.

मग दुसरे उत्तर येते: संमती आज नव्हे, सुरुवातीलाच दिली होती, बदलाचे कलम त्या करारातच होते. पण कशाला संमती दिली होती? अजून न लिहिलेल्या, कंपनीला स्वतःलाही माहीत नसलेल्या अटींना. ज्या कराराचा अर्थ निश्चित नाही आणि निश्चित करताही येत नाही, तो २९व्या कलमाने रद्दबातल ठरतो. ‘आम्ही पुढे जे ठरवू ते’ याहून अनिश्चित काय असू शकते? शिवाय हा हक्क एकाच बाजूला असतो. पुढल्या महिन्यापासून मी शंभर रुपये कमी देईन आणि सेवा चालू ठेवलीत तर ते तुम्हाला मान्य आहे असे समजेन, असे ग्राहकाने कंपनीला कळवले तर त्याची सेवा बंद होईल. दोन पक्षांपैकी एकाला त्याचे वचन बांधून ठेवते आणि दुसऱ्याला ठेवत नाही, अशा व्यवहारांकडे न्यायालयांनी याआधीच संशयाने पाहिले आहे. १९८६ साली ब्रजोनाथ गांगुली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की दोन पक्षांचे बळ असमान असेल आणि दुबळ्याला ठिपक्यांच्या रेघेवर सही करण्यावाचून पर्याय नसेल, तर त्यातल्या अन्याय्य अटी न्यायालय अमलात आणणार नाही. तो खटला नोकरीच्या कराराचा होता. २०१९ साली पायोनियर अर्बन लँडच्या प्रकरणात तेच तत्त्व बिल्डरच्या एकतर्फी करारांना लागू झाले, हे घर घेताना पोळलेल्या अनेक मुंबई-पुणेकरांना ठाऊक असेल.

पटत नसेल तर ग्राहकाने सेवा सोडावी, बाजारात इतर कंपन्या आहेत, हा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो. सोडता येते तेव्हा तो बरोबर आहे. जानेवारी २०२१मध्ये व्हॉट्सॲपने गोपनीयतेचे नवे धोरण जाहीर केले आणि ते स्वीकारण्याची मुदत आधी ८ फेब्रुवारी, मग १५ मे अशी दिली. २०१६च्या बदलाच्या वेळी निदान जुन्या वापरकर्त्यांना तीस दिवसांत नाही म्हणण्याची सोय होती. २०२१मध्ये तीही नव्हती. गावच्या ग्रामपंचायतीचा गट, शाळेचा गट, दुकानदाराची मागणी, दवाखान्याचा अहवाल हे सगळे ज्या ॲपवर चालते ते एकट्याने सोडणे म्हणजे सगळ्यांपासून तुटणे. भारतीय स्पर्धा आयोगाने हेच ओळखले. ‘घ्या नाहीतर सोडा’ अशा रीतीने धोरण लादणे हा वर्चस्वाचा गैरवापर आहे, असा निष्कर्ष काढून आयोगाने १८ नोव्हेंबर २०२४ रोजी व्हॉट्सॲपची मालक असलेल्या मेटा कंपनीला २१३.१४ कोटी रुपयांचा दंड केला. पुढे अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, मात्र जाहिरातींसाठी माहिती मेटाच्या इतर कंपन्यांना देण्यावर आयोगाने घातलेली पाच वर्षांची बंदी उठवली. आयोगाने काम चांगले केले. पण त्याला जवळजवळ चार वर्षे लागली, आणि स्पर्धा कायद्याचा हा उपाय बाजारात वर्चस्व असलेल्या कंपनीपुरताच चालतो. लहान कंपनीने आपल्या लाखभर ग्राहकांच्या अटी वर्षाच्या मध्येच फिरवल्या तर स्पर्धा आयोगाचा काही संबंध येत नाही. तिथे उरतो फक्त ग्राहक कायदा.

त्या कायद्याकडे वळण्याआधी आपल्याच दोन नियामकांनी काय केले आहे ते पाहा, कारण असे नियम भारतात चालणार नाहीत असे कोणी म्हटले तर त्याला उत्तर घरातच आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या दर-आदेशानुसार ग्राहक एखाद्या दरयोजनेत आला की सहा महिने तिचे दर वाढवता येत नाहीत, कमी मात्र केव्हाही करता येतात. हा नियम आल्यावर मोबाइल कंपन्या बुडाल्या नाहीत. जुलै २०२४मध्ये जिओ, एअरटेल आणि व्होडाफोन-आयडिया या तिघांनी दर वाढवले, तेव्हाही आधी रिचार्ज केलेल्यांची मुदत जुन्याच दराने पूर्ण झाली. रिझर्व्ह बँकेने क्रेडिट कार्डांसाठी २०२२मध्ये दिलेले निर्देश याहून नेमके आहेत. शुल्कातला बदल फक्त पुढच्या काळासाठी असावा, किमान एक महिना आधी कळवावा, आणि तो ग्राहकाच्या तोट्याचा असल्याने त्याला कार्ड परत करायचे असेल तर बंद करण्याचा जादा खर्च घेऊ नये. बँका आणि दूरसंचार कंपन्या हे पाळतात, कारण त्यांच्यावर नियामक आहे. चित्रपट दाखवणारे ॲप, फोटो आणि कागदपत्रे साठवणारी सेवा, मुलांची शिकवणी घेणारे ॲप, वर्षाच्या परवान्याने मिळणारे सॉफ्टवेअर यांच्या करारावर नजर ठेवणारे कोणी नाही.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये अन्याय्य कराराची व्याख्या प्रथमच आली. १९८६च्या कायद्यात ती नव्हती. विधी आयोगाने १९८४ साली आपल्या १०३व्या अहवालात आणि २००६ साली १९९व्या अहवालात अन्याय्य अटींविरुद्ध कायदा करण्याची शिफारस केली होती, म्हणजे पहिल्या शिफारशीपासून पस्तीस वर्षांनी संसद हलली. कलम २(४६) म्हणते की ग्राहकाच्या हक्कांत मोठा बदल घडवणाऱ्या अटी असलेला करार अन्याय्य, आणि त्याखाली सहा प्रकार देते: अवाच्या सवा अनामत रक्कम, नुकसानीच्या मानाने प्रमाणाबाहेर दंड, कर्ज मुदतीआधी फेडू न देणे, योग्य कारणावाचून करार एकतर्फी संपवणे, ग्राहकाच्या संमतीवाचून त्याच्या तोट्यात करार दुसऱ्याकडे सोपवणे, आणि ग्राहकाला तोट्यात टाकणारे अवाजवी शुल्क, बंधन किंवा अट. एकतर्फी संपवणे यादीत आहे, एकतर्फी बदलणे नाही. व्यवहारात या दोहोंत किती अंतर आहे? कंपनीने मला कारणाशिवाय काढून टाकले तर तो अन्याय. पण मी आपण होऊन निघून जावे इतकी सेवा तिने बदलून टाकली, तर त्यावर कायदा नाव घेऊन काही बोलत नाही. पहिली वाट बंद केल्यावर दुसरी उघडी राहिली आणि ती जास्त सोयीची आहे, कारण तिथे करार मोडल्याचा ठपकाही येत नाही.

काही वकील म्हणतील की व्याख्या सर्वसमावेशक आहे आणि सहावा प्रकार पुरेसा रुंद आहे, एकतर्फी बदल त्यात बसवता येईल. मलाही तसेच वाटते, आणि एखाद्या ग्राहक आयोगाने तसा निवाडा दिला तर तो योग्यच असेल. अडचण आहे ती तिथवर पोचण्याची. याच कायद्याने अन्याय्य कराराच्या तक्रारी जिल्हा आयोगाच्या कक्षेबाहेर ठेवल्या आहेत. त्या राज्य आयोगाकडे न्याव्या लागतात, आणि मोबदला दहा कोटींपेक्षा जास्त असेल तर राष्ट्रीय आयोगाकडे. फ्रिज बिघडला तर गडचिरोलीचा ग्राहक आपल्या जिल्ह्यात दाद मागू शकतो. दीड हजारांच्या वर्गणीची अट अन्याय्य आहे म्हणायचे तर त्याला थेट राज्य पातळीवर जावे लागते. तक्रार आता ऑनलाइन दाखल होते हे खरे, पण अन्याय्य अट कोणती हे मांडायला वकील लागतो आणि त्याची फी वर्गणीच्या कितीतरी पट असते. म्हणून बहुतेक जण सोडून देतात. प्रत्येकाचे नुकसान थोडे असल्याने कोणीच भांडत नाही, आणि सगळ्यांचे मिळून होणारे नुकसान कंपनीच्या ताळेबंदात जमा होते. एवढ्या-तेवढ्या रकमेसाठी कायदा कशाला, असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब डोळ्यांसमोर ठेवावा. जिथे एकट्याने लढणे परवडत नाही तिथेच कायद्याने आधी बोलायचे असते. महाराष्ट्रात मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्था १९७०च्या दशकापासून या कामात आहेत आणि अनेकांच्या वतीने एक तक्रार करण्याची तरतूदही आहे, पण त्यांच्या हाती स्पष्ट कलम हवे.

इतर देशांनी ते कधीच लिहिले. युरोपीय संघाच्या १९९३च्या निर्देशाच्या परिशिष्टात, करारात नमूद केलेल्या योग्य कारणावाचून विक्रेत्याला अटी किंवा सेवेचे स्वरूप बदलू देणारी कलमे अन्याय्य ठरू शकणाऱ्या कलमांत धरली आहेत. २०१९चा डिजिटल सेवांचा निर्देश आणखी पुढे जातो: बदलाचे योग्य कारण करारातच लिहिलेले असावे, ग्राहकावर जादा खर्च पडू नये, आणि बदलाने त्याचे किरकोळपेक्षा जास्त नुकसान होत असेल तर तीस दिवसांत विनामूल्य करार संपवण्याचा हक्क त्याला असावा. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने एप्रिल २०२१मध्ये एका बँकेच्या बाबतीत ठरवले की दोन महिन्यांत हरकत घेतली नाही म्हणजे ग्राहकाला बदल मान्य आहे, असे सरसकट म्हणणारे कलम अवैध आहे. त्याच देशात प्राइम व्हिडिओने मध्येच जाहिराती आणल्या तेव्हा ग्राहक संघटना न्यायालयात गेल्या आणि डिसेंबर २०२५मध्ये म्युनिकच्या न्यायालयाने तो एकतर्फी बदल बेकायदा ठरवला. तीच कंपनी, तोच बदल. कंपन्यांना बरेच मोकळे रान देणाऱ्या अमेरिकेतही टॉक अमेरिका या दूरध्वनी कंपनीच्या प्रकरणात २००७ साली अपील न्यायालयाने सांगितले की बदललेला करार नुसता संकेतस्थळावर टाकून ग्राहक बांधला जात नाही; अटी बदलल्या का हे ठरावीक काळाने तपासत बसणे हे त्याचे काम नव्हे. ऑस्ट्रेलियात नोव्हेंबर २०२३ पासून अन्याय्य अट करारात घालणे हेच दंडास पात्र झाले आहे. आपल्याकडे अशी अट ग्राहक आयोग रद्द ठरवू शकतो, पण ती रद्द होईपर्यंत वापरल्याबद्दल कंपनीचे फारसे काही जात नाही.

सेवा बदलूच नये असे माझे म्हणणे नाही. सुरक्षेतील त्रुटी दुरुस्त करावी लागते, कायदा बदलला की अटी बदलाव्या लागतात, नव्या सोयी येतात. असे बदल कोणी अडवू नयेत आणि युरोपातही कोणी अडवत नाही. चित्रपटांचे हक्क संपले म्हणून काही चित्रपट निघून गेले, तर त्याला करारभंग म्हणणे अवाजवी ठरेल. प्रश्न फक्त ग्राहकाच्या तोट्याच्या आणि पैसे भरलेल्या मुदतीत लागू होणाऱ्या बदलांचा आहे. इतके बंधन घातले तर कंपन्या दर वाढवतील, हा शेवटचा आक्षेप. वाढवू देत. आधी सांगितलेला जास्त दर ग्राहकाला इतरांच्या दराशी ताडून पाहता येतो. मागाहून बदललेली अट पाहता येत नाही. ज्या कंपनीला वर्षभराची खात्री देता येत नाही तिने वर्षाचे पैसे आगाऊ घेऊ नयेत, महिन्याचे घ्यावेत. आज आगाऊ पैशांचा फायदा ती घेते आणि अनिश्चिततेचा भार ग्राहकावर टाकते.

म्हणून विनंती अशी की येत्या अधिवेशनात कलम २(४६) मध्ये सातवा प्रकार घालण्यासाठी दुरुस्ती आणावी, सरकारकडून होत नसेल तर अशासकीय विधेयक म्हणून आणावी. करारात आधी लिहिलेल्या योग्य कारणावाचून, ग्राहकाच्या तोट्याचा बदल एकतर्फी करू देणारी अट ही अन्याय्य अट असेल, एवढे एक वाक्य त्यासाठी पुरे. त्यासोबत, बदल न पटल्यास उरलेल्या मुदतीचे पैसे आणि साठवलेली माहिती परत घेऊन बाहेर पडण्याचा हक्क, आणि लहान रकमांच्या अशा तक्रारी जिल्हा आयोगात नेण्याची मुभा द्यावी. बदलाची सूचना ग्राहक निवडेल त्या भाषेत, आपल्याकडे मराठीत, मिळावी. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठीच्या २०२३च्या कायद्याने राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या सर्व २२ भाषांचा पर्याय मान्य केलाच आहे. दुरुस्तीला वेळ लागेल. तोवर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण काही करू शकते: ३० नोव्हेंबर २०२३ रोजी त्याने ग्राहकाला फसवणाऱ्या १३ ऑनलाइन क्लृप्त्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली, तशीच एकतर्फी बदलांबाबत काढण्याचा अधिकार त्याला आहे. ती का काढली नाहीत आणि केव्हा काढणार, हा तारांकित प्रश्न आपल्यापैकी मंत्री नसलेला कोणीही विचारू शकतो. लोकसभेत आणि राज्यसभेत मिळून आपण ६७ जण आहात. निदान एकाने तरी तो येत्या अधिवेशनात विचारावा.

आपला,
एक ग्राहक आणि मतदार